धरणातली एकोणीस घरं

२ मार्च, रविवार

लॅबमधली बावीसच्या बावीस मशीन्स लिनक्स या मोफत प्रणालीवर गेली एकदाची. जुन्या सिस्टिमने फर्मान काढलं होतं की हे संगणक आता कालबाह्य. संगणक बिचारे ठणठणीत. प्राचार्यांनी हळूच बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, फुकट आहे म्हणजे चोरीचं नाही ना?" अंबरनाथच्या या ज्युनिअर कॉलेजात अठरा वर्षं लॅब सांभाळतेय, हा प्रश्न दर सहा महिन्यांनी ताजा होऊन येतो.

दुपारी बदलापूरला हेंद्रेपाड्यात घरी, पंख्याखाली, नेहमीचा उद्योग. खुल्या नकाशात आपल्या भागात आठवडाभरात कोणी काय बदललं ते तपासणं. हा नकाशा कोणीही काढावा, सुधारावा, वापरावा असा. म्हणून कोणीही काहीही काढतं. मागे शिरगावातल्या एकाने स्वतःच्या वन बीएचकेला 'राजवाडा' करून टाकलं होतं. आज त्याच्यावर कडी. जवळच्या धरणाच्या निळ्या पाण्यात, बरोबर मधोमध, तीन घरं. पुसली.

प्रमोद म्हणाला, "कोणाची तरी हाउसबोट असेल." लग्नाला एकवीस वर्षं झाली, विनोद तेच.

५ मार्च, बुधवार

घरं परत आली. तीच तीन, त्याच जागी. पुन्हा पुसली आणि खाली नियम लिहून ठेवला: जे जमिनीवर आहे तेच नकाशात.

बाकी जगात आज मोठी बातमी ही की आणखी एका अॅपमध्ये एआयचं बटण आलं. आता फक्त चहाच्या गाळणीत यायचं बाकी आहे.

९ मार्च, रविवार

हा चावटपणा नाही.

आज आठ घरं आहेत, एक वाट आहे, एक विहीर आहे. प्रत्येक वस्तूला नकाशात रकाने असतात: नाव, प्रकार वगैरे, मनाने नवा रकानाही घालता येतो. चावटपणा करणारे रकाने भरत नाहीत. इथे सगळे भरलेत. "बुधाचं घर. दार उगवतीला." "चांगूचं घर. गोठा मागे." विहिरीला, "पाणी गोड. इथे कपडे धुवायचे नाहीत."

मी उपग्रहाचं चित्र उघडून पाहिलं. धरण भरलेलं असतानाचं आहे. नुसतं पाणी. त्यावरून बघून काही काढता येणं शक्यच नाही.

पुसायला हात गेला आणि क्षणभर वाटलं, आपण कोणाच्या तरी ओसरीवर उभ्या आहोत आणि घरात माणसं आहेत. तरी पुसलं. नियम तो नियम. त्या खात्याला निरोप पाठवला: कोण आहात आपण?

१५ मार्च, शनिवार

आठवडाभर उत्तर नाही. एका परदेशी नकाशा-गटात मात्र दोन दिवस भांडण चालू आहे की चहाची टपरी 'दुकान' या सदरात घालायची की 'उपाहारगृह' या. एकशे चाळीस निरोप. मीही तीन लिहिले. (टपरी ही टपरी.)

संध्याकाळी उत्तर आलं. एकच ओळ.

"घरं पुसू नका. बाबा रडतात."

२३ मार्च, रविवार

उल्हासनगरला जाऊन आले. प्रमोद म्हणत होता, इंटरनेटवरच्या अनोळखी माणसाच्या घरी असं जायचं नसतं, तू मुलांना हेच शिकवतेस ना? शिकवते. तरी गेले.

तिचं नाव संगीता. अडतीस-चाळीसची असेल. जीन्सच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर. चाळीतली एक खोली, आत स्वच्छ, भिंतीला लागून पलंग, पलंगावर तिचे वडील. धाकूबाबा. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डावा हात चालतो. उशाशी पाटी आणि पेन्सिल.

त्यांची वाडी धरणात गेली तेव्हा ते विशीत होते. मग उल्हासनगर, वॉचमनची नोकरी, हे सगळं.

संगीता म्हणाली, "बाबांना करमावं म्हणून मोबाईलवर वाडी शोधायला गेले. तिथे नुसता निळा रंग. आणि खाली लिहिलेलं होतं, चूक दिसली तर सुधारा. मला चूक दिसली, मॅडम."



पद्धत अशी: सुट्टीच्या दिवशी ती फोन समोर धरते, बाबा डाव्या बोटाने दाखवतात, ती रेघ ओढते, मग ते पाटीवर एकेक शब्द लिहितात. दोनदा सगळं काढलं, दोनदा मी पुसलं. तिसऱ्यांदा पुसलं तेव्हा त्यांनी पाटी भिंतीकडे फेकली. कोपरा उडालेला दिसला.

मी म्हटलं, "बाबा, ती मीच."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पाटीवर लिहिलं: चा. संगीताने चहा ठेवला.

३० मार्च, रविवार, पाडवा

सकाळी गुढी, दुपारी उल्हासनगर. नियमातून वाट काढली आहे. पूर्वी होतं आणि आता नाही अशा गोष्टींसाठी नकाशात वेगळी खूण असते. साध्या नकाशावर दिसत नाही, उघडून पाहणाऱ्याला दिसते. त्या खुणेखाली सगळी चौदा घरं बसवली. विहीर, वाट, उंबराचं झाडही काढलं.

बाबांची बोटाची खूण फार नेमकी. मी एक घर जरा डावीकडे टाकलं तर जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. हे एवढंच त्यांना जमतं बोलायला. चौदा घरं झाल्यावर मी ओढ्यापलीकडची रिकामी जागा दाखवून विचारलं, इथे काही होतं? त्यांनी तोंड फिरवलं. थकले असतील.

येताना संगीताने पुरणपोळ्या बांधून दिल्या. आता 'मॅडम'ची 'ताई' झाले आहे.

१० एप्रिल, गुरुवार

वाईट झालं. होता होता वाचलं.

स्टाफरूममध्ये भौतिकशास्त्राच्या काळे मॅडम सांगत होत्या. त्यांचा दीर आणि जाऊ रविवारी स्कूटरवरून कुठल्याशा रिसॉर्टला निघाले. फोनवर कुठलं तरी रस्ता दाखवणारं अॅप. ते सरळ चला, सरळ चला म्हणत राहिलं. झाडी संपली, चिखल लागला, पुढचं चाक रुतलं. दिराने इंजिन बंद केलं तेव्हा पाण्याचा आवाज आला, हातभर अंतरावर. जाऊबाई अजून झोपेत दचकतात म्हणे.

मी लॅबमध्ये जाऊन पाहिलं. ती वाडीची वाट. घरांना मी 'आता नाही' अशी खूण केली, वाटेला करायची राहिली. ते अॅप खुल्या नकाशावरूनच रस्ते उचलतं. कोणीही वापरावा असा नकाशा म्हणून अठरा वर्षं मी पोरांपुढे भाषणं देते. कोणीही वापरला.

वाट लगेच दुरुस्त केली. काळे मॅडमना काही सांगितलं नाही. संगीताला फोन केला. ती म्हणाली, "बाबांना नाही सांगत हे."

२१ एप्रिल, सोमवार

नवीन पाच घरं. त्याच खात्यावरून. ओढ्यापलीकडच्या रिकाम्या जागेत.

मला आधी आनंद झाला. म्हटलं बाबांना आठवली. मग नीट पाहिलं. या पाचांची तऱ्हा वेगळी. आधीची चौदा सगळी बाप्यांच्या नावाची, बुधाचं, चांगूचं, भिकूचं. इथे नुसती बायांची नावं. येसू. राही. काळू. मंजुळा. पाचव्याला फक्त 'लहानी'. गोठा नाही, दिशा नाही, काही नाही. पाचही घरांना एकच नवा रकाना:

दार: बंद.

संगीताला रात्री फोन केला. "ताई, आम्ही चौदाच टाकली. आता कुठली टाकणार, मी पंधरा दिवस ओव्हरटाइमला आहे." मग वेळ विचारली. मी सांगितली, आजच, दुपारी तीन वाजून दहा. ती म्हणाली, कारखान्यात मोबाईल दारातच शेठ जमा करून घेतो, बंद करून, पत्र्याच्या डब्यात. सकाळी नऊ ते रात्री आठ.

बाबांकडे दुसरा फोन नाही. दुपारी शेजारीण त्यांना भरवून कडी लावून जाते.

२४ एप्रिल, गुरुवार

शक्यता लिहून काढल्या, लॅबमध्ये बिघाड शोधताना काढते तशा.

एक, तिचा पासवर्ड कोणाकडे गेला. (तिचा पासवर्ड तिचं स्वतःचं नाव आणि एक-दोन-तीन होता. अख्ख्या देशाचा तोच असावा.) काल जाऊन बदलला. सोळा अक्षरी, मी कागदावर लिहून तिच्या घरातल्या मसाल्याच्या डब्यात ठेवला.

दोन, आधी कधी काढलेलं फोनमध्ये अडकून राहिलं आणि नेटवर्क आल्यावर गेलं. पण फोन बंद होता. आणि तिने काढलेलंच नाही.

तीन, कुठलं तरी एआय. कोणी तरी यंत्राला सांगितलं, नकाशातल्या मोकळ्या जागा भर. असले प्रकार हल्ली होतात. यंत्र न लाजता थापा मारतं. हे मला पटत आलं होतं. मग वाटलं, यंत्र 'लहानी' म्हणून थांबेल का? ते पूर्ण नाव, आडनाव, वर सुविचार देईल.

प्रमोदला सांगितलं. हसला नाही. म्हणाला, "पुसून टाक ना." मी म्हटलं, नियमाप्रमाणे पुसायलाच हवीत. पुसली नाहीत.

२९ एप्रिल, मंगळवार

काही बदल नाही. दिवसातून चारदा बघते. नकाशा उघडण्याआधी 'मी यंत्रमानव नाही' या चौकोनात खूण करावी लागते, आज ती करताना उगाच थांबले.

१८ मे, रविवार

तिघं जाऊन आलो. नीट लिहिते, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास राहणार नाही.

बाबांचा हट्ट होता. पाटीवर चार दिवस एकच शब्द: वाडी. पाणी मे महिन्यात उतरतं, मागच्या अंगाची जमीन उघडी पडते, हे त्यांना ठाऊक होतं. बदलापूरहून रिक्षा केली. रिक्षावाला भला माणूस, जिथवर चाक जाईल तिथवर नेलं, बाबांना उतरवायला हात दिला, आणि सावलीत थांबतो म्हणाला.

पुढे तडकलेली माती. ढेकळांवर शिंपले. झाड एकही नाही, पक्षी नाही, मधेच एक बुंधा. बाबांना एका बाजूने संगीताने धरलं, एका बाजूने काठी. उल्हासनगरच्या खोलीत पलंगावरून उठायला त्यांना दहा मिनिटं लागतात. इथे ते चालायला लागले.

सपाट माती, काही म्हणजे काही नाही, आणि हा माणूस सरळ जाईना. चार पावलं गेले, डावीकडे वळले. परत उजवीकडे. एका जागी अंग चोरून निघाले, जशी दोन भिंतींमधली बोळ असावी. संगीता रडत होती, पण हसतही होती. "बाबा, कोणाचं घर आलं?" ते हाताने थांब म्हणाले. आणि मग एका जागी काठी टेकली, पायातली चप्पल काढली, आणि डावा पाय चांगला वर उचलून, नसलेल्या उंबऱ्यावरून आत गेले.

खाली बसले. मातीवर हात फिरवला.

मी फोनवर जागा तपासली. नकाशातल्या धाकूच्या घराच्या आतच होतो आम्ही. बाकीच्या घरांची जोती शोधली. मातीत दगडांच्या ओळी दिसतात. बाबांच्या आठवणीत आणि जमिनीत दोन-तीन पावलांचा फरक. पन्नासहून जास्त वर्षांनी. कमालच आहे.

मग मी ओढ्यापलीकडे निघाले. बाबांनी 'च्च' केलं. मोठ्यांदा. मी वळून पाहिलं तर मान जोरात हलवत होते, नको नको. संगीता म्हणाली, "ताई, राहू द्या ना."

गेले मी. मला बघायचंच होतं.

पाच जोती आहेत. लहान लहान. नकाशाशी ताडून पाहिली, फरक नाही. पाऊलभरही नाही. कोपऱ्यावर कोपरा. मी इतक्या वर्षांत फीत लावूनसुद्धा इतकं नेमकं घर काढलेलं नाही.

आणि पाचही ठिकाणी, दार असेल त्या जागी, पायरीवर दगडांचा ढीग. पडलेले नाहीत. रचलेले.

दुपारची वेळ, लख्ख ऊन. कोणी हाक मारली नाही, काही झालं नाही. झालं ते एवढंच की तिथून निघताना मी पाठ फिरवली नाही. उलटी चालत आले, ओढ्यापर्यंत.

१९ मे, सोमवार

फोटो प्रमोदला दाखवले. त्याने दगडांचा फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "हे कोणी आतून ढकलू नये म्हणून ठेवतात तसं आहे." मग चहा प्यायला विसरला.

८ जून, रविवार

वाडीचा नकाशा मोठा छापून घेतला, संगीताच्या खोलीत भिंतीवर लावला. बघायला बाबांची थोरली बहीण आली, सोमीआत्या. ऐंशीच्या पुढची, वांगणीकडे राहते, पाठीत वाकलेली पण नजर कडक. अक्षरओळख नाही. मोबाईलमधलं तिला हिरवं आणि लाल बटण कळतं, बस.

संगीता एकेका घरावर बोट ठेवून वाचत होती. आत्या खूष. "बुध्याचा घर! त्याची बायकू लय भांडकुदळ." बाबा पलंगावरून बघत होते. मग संगीता ओघात ओढ्यापलीकडे गेली आणि पहिलं नाव वाचलं. दुसरं वाचलं.

आत्याने उठून तिच्या तोंडावर हात ठेवला.

"कोनी सांगितली ही नावा?"

 मी म्हटलं, आत्या, माहीत नाही. आपोआप आली.

"मोठ्यानं घेऊ नका." मग खाली बसली आणि सांगितलं. सांगताना एकदाही नकाशाकडे पाहिलं नाही.

तिच्या आजीच्या वेळची गोष्ट. वाडीत देवी आल्या. अंगावर फोड येऊन माणसं जायची ती. ओढ्यापलीकडच्या पाच घरांत आधी आल्या. "बाप्ये रानात पलाले. बाया राहिल्या, पोरा राहिली." अलीकडच्यांनी ठरवलं, रोग ओढा ओलांडता कामा नये. रात्रीतून दारांना करवंदीचे काटे लावले, वर दगड रचले. आतून आठ दिवस हाका येत होत्या. मग नाही आल्या.

"पुरुस मानसांनी त्या बायांची नावा टाकली. कोनी घ्यायची नाय. पन आजीनं आयला सांगितली, आयनं मना. अवसेला चिमूटभर तांदूल टाकायचा त्यांच्या नावानं. मनातल्या मनात."

संगीताने विचारलं, "आत्या, तू कोणाला सांगितलीस?"

"कोनाला सांगू? मना पोर झालीच नाय."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

वर २१ एप्रिलला मी ती नावं लिहून ठेवली आहेत. खोडत नाही. पुन्हा लिहितही नाही.

१४ जून, शनिवार

संगीताचा फोन. आत्या वांगणीला परत गेल्यापासून बाबा नीट जेवत नाहीत. काल पाटी मागितली आणि लिहिलं: आजा.

तिला वाटलं, आजोबांची आठवण आली. विचारलं, काय झालं आजोबांना? त्यांनी पुन्हा लिहिलं. आजा. मग एक शब्द खाली: दगड.

मी म्हटलं, त्यांना काय हवंय विचार. तिने विचारलं. पाटीवरचं तिने मला वाचून दाखवलं: दार उघडा.

"ताई, नकाशात उघडता येईल का ते? त्यांना तेवढंच पाहिजे. त्यांच्या हाताने."

येईल. एक शब्द काढायचा, एक घालायचा. जगातलं सगळ्यात सोपं काम.

२२ जून, रविवार

जाता आलं नाही. प्रवेशाचे फॉर्म ऑनलाइन झाल्यापासून रांग कॉलेजच्या गेटऐवजी माझ्या टेबलापाशी लागते. वेबसाइट बंद, पालक चालू. एकाने विचारलं, "मॅडम, सर्व्हर डाऊन म्हणजे खाली कुठल्या मजल्यावर?"

मन मात्र ओढ्यापलीकडे. पाण्याची पातळी वाढतेय असं पेपरात आलं आहे.

२९ जून, रविवार

लॅपटॉप घेऊन गेले. पलंगाला टेकून उशा लावल्या, लॅपटॉप बाबांच्या मांडीवर. संगीताने नवा सदरा घातला होता त्यांना. सोमीआत्याही आली होती, दाराशी बसली, आत यायला तयार नव्हती.

पहिलं घर उघडलं. रकाना समोर. दार: बंद. 'बंद' मी खोडलं. 'उघडं' हा शब्द बाबांनी टाइप केला, एकेक अक्षर शोधत, डाव्या तर्जनीने. पाच-सात मिनिटं लागली. घाम आला होता त्यांना. मग मी 'जतन करा' दाखवलं आणि त्यांनी ते दाबलं.

जतन झालं नाही. चौकट आली.

ही चौकट मी शेकडो वेळा पाहिली आहे. दोन माणसं एकाच वेळी एकच वस्तू बदलायला गेली की येते. डावीकडे तुमचा बदल, उजवीकडे त्यांचा. कोणाचा ठेवायचा ते निवडा.

डावीकडे, दार: उघडं.

उजवीकडे, दार: आतून बंद.

बदल करणारं खातं संगीताचंच. तेच, जे समोर उघडलेलं होतं. तिचा फोन फळीवर, बंद. सोळा अक्षरी पासवर्डचा कागद डब्यात. वेळ आत्ताची, एक मिनिटापूर्वीची.

 संगीताने मोठ्याने वाचलं, वाचायला नको होतं. "आतून बंद."

दाराशी सोमीआत्या पुटपुटली, "त्यांना नाय यायचं भाईर." मग थोड्या वेळाने, "कशाला येतील?"

बाबा पडद्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं पण चेहरा हलत नव्हता. मला वाटलं ते चिडतील, लॅपटॉप ढकलतील, पाटीसारखा. मी हात पुढे केला बंद करायला. त्यांनी माझा हात बाजूला सारला. हळू, पण सारला.

दोन बटणं होती. 'माझं ठेवा'. 'त्यांचं ठेवा'.

त्यांनी कितीतरी वेळ बोट हवेत धरलं. मग खाली आणलं आणि 'त्यांचं ठेवा' दाबलं. आणि दोन्ही हात जोडले. म्हणजे डावा हात उचलून उजव्या मेलेल्या हातापाशी नेला, तेवढाच जोडता येतो.

बाकीच्या चार घरांना आम्ही हात लावला नाही.

३० जून, सोमवार

आज लॅबमध्ये एका मुलीने विचारलं, "मॅडम, कॉन्फ्लिक्टची चौकट आली की कोणाचं बरोबर ते कसं कळतं?" मी नेहमीचं उत्तर दिलं: आधी समोरच्याने काय लिहिलंय ते पूर्ण वाचायचं.

बाबा दुपारी पोटभर जेवले, संगीताचा निरोप.

२० जुलै, रविवार

नकाशाच्या तपासणी गटातल्या एका ज्येष्ठ स्वयंसेवकाचा निरोप आला आहे. परदेशातला माणूस, कधी भेटलो नाही, टपरीच्या वादात माझ्या बाजूने होता. फार सभ्य भाषा. ही एकोणीस घरं पाण्याखाली आहेत, पडताळता येत नाहीत, काढून का टाकू नयेत?

मी उत्तर लिहिलं. अठरा मेला मी स्वतः तिथे उभी होते, फोटो जोडले. पाणी पुढच्या मेमध्ये उतरेल, आलात तर घेऊन जाईन, बदलापूरला उतरा.

दोन तासांत त्याचं उत्तर. आभार, चौदा घरं राहू द्यावीत. पाचांबद्दलही जोत्यांमुळे हरकत नाही. फक्त एकच शंका. एका घराला दार 'आतून बंद' अशी जी नोंद आहे तिचा स्रोत दिलेला नाही. स्रोताचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. कृपया भरावा, नाहीतर नोंद वगळली जाईल.

बरोबर आहे त्याचं. मी त्याच्या जागी असते तर हेच विचारलं असतं, चार महिन्यांपूर्वी विचारलंच होतं.

प्रमोदला विचारलं, काय लिहू? तो म्हणाला, "खरं ते." आणि मग, "म्हणजे काय, ते मला विचारू नकोस."

रकान्यावर टिचकी मारली की तयार पर्यायांची यादी उघडते. उपग्रह चित्र. प्रत्यक्ष पाहणी. जुनी कागदपत्रं. स्थानिक रहिवाशांकडून.

शेवटचा निवडला आणि पाठवून दिला. खोटं लिहितेय असं वाटलं नाही.